पिकअपचे दिवे आणि दादांचे डोळे

मी इलेक्ट्रिकल शिकवतो. शहरातल्या एका तंत्रनिकेतनात गेली वीसेक वर्षं मी फळ्यावर बॅटरी, बल्ब आणि त्यांना जोडणाऱ्या दोन रेघा काढतोय, आणि करंट नुसता जाऊन भागत नाही, तो परतही यावा लागतो, हे पोरांना बजावतोय. हे वाक्य म्हणताना माझा आवाज जरा चढतो. मागच्या बाकावरची पोरंही वर बघतात. घरी मात्र ट्यूबलाइट लुकलुकायला लागली की बायको मला काही न विचारता वायरमनला फोन लावते. तिच्या या वागण्याचा मला पूर्वी राग यायचा. आता येत नाही, आणि तो का येत नाही ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

पाचोडपासून सहा-सात किलोमीटरवर आमचं गाव. तिथं दादा, म्हणजे माझे वडील, आई, मोसंबीची बाग आणि एक डिझेल पिकअप राहतात. पिकअप अकरा वर्षांची. दादांनी सत्तरी ओलांडली तरी तिच्या स्टीअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. तोड सुरू झाली की पहाटे अंधारात कॅरेट भरून पाचोडच्या बाजारात माल टाकायचा आणि बाजारातली चार कामं उरकून दिवेलागणीला परत यायचं, हा त्यांचा नेम. मी शनिवारी गावी जायचो, रविवारी परत यायचो, आणि त्या दीड दिवसात घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तज्ज्ञ म्हणून मत द्यायचो.

आमच्याकडं बैल राहिले नाहीत, त्याला बरीच वर्षं झाली. पोळा मात्र राहिला. तो पिकअपवर भागवायचा असं घरात आपोआप ठरलं. सकाळी तिला धुवायचं, बॉनेटवर हळदकुंकू वाहायचं, आरशांना गोंडे बांधायचे, आई पुरणपोळीचा घास टायरला लावायची. गेल्या पोळ्याला माझा उत्साह उतू गेला. शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून मी गोंडे, घुंगरांची माळ आणि चमकीच्या पट्ट्या आणल्या. त्यावरही मन भरेना, म्हणून पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणि दोन ब्रश घेतले. बैलांची शिंगं रंगवतात, मग हिनं काय पाप केलंय, असं माझं म्हणणं.

बाहेरचा रंग देऊन झाला तरी डब्यात निम्मा रंग शिल्लक होता. मी बॉनेट उघडलं. आत बॅटरीच्या आजूबाजूला गंज दिसत होता. साधा माणूस वरवर ब्रश फिरवून मोकळा झाला असता, पण मी शिकलेला. काम करायचं तर नट-बोल्ट खोलून, नीट घासून, दोन हात मारून. मी बॅटरीची जागा रंगवली, तिच्या पट्ट्या रंगवल्या, आणि बॅटरीपासून निघून गाडीच्या पत्र्याला बोल्टनं जोडलेली एक तांब्याची विणलेली पट्टी होती, ती सोडवून तिच्याखालचा पत्रा रंगवला. पट्टीचं टोक हिरवट दिसत होतं, म्हणून तेही रंगवलं. उन्हात वाळवलं, दुसरा हात दिला, पुन्हा वाळवलं आणि सगळं होतं तसं बसवलं. दादा ओट्यावरून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "आतून कामून रंगवायलास? आत कोण बघतंय?"

"गंज धरत नाही दादा," मी म्हणालो, आणि त्या पिवळ्या कामाचा फोटो काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकला. एकवीस अंगठे आले.

महिनाभरानं दादांची तक्रार सुरू झाली. "दिवे बसायलेत. हॉर्न दाबला की अजून बसायलेत. घडीत चांगले राहतेत, घडीत कंदिलावानी व्हतेत."

मला आनंदच झाला. इतक्या वर्षांत माझ्या शिक्षणाचा घराला उपयोग होण्याची ही पहिली वेळ. शनिवारी मी कॉलेजातला चांगला मल्टिमीटर घेऊन गेलो. सोबत पिकअपच्या वायरिंगचा नकाशा होता. तो मी रंगीत स्केचपेननं मोठ्या कागदावर काढला होता आणि लॅमिनेट करून आणला होता, ग्रीस लागलं तर पुसता यावं म्हणून. त्या नकाशाला शेवटपर्यंत ग्रीस लागलं नाही, यावरून काय ते समजा.

मी बॅटरीची टोकं गरम पाण्यानं धुतली. सगळे फ्यूज बदलले. बल्ब बदलले, रिले बदलला. स्टीअरिंगखालचा दिव्यांचा स्विच उघडला, तर त्यातून एक स्प्रिंग उडून गवतात गेली, आणि पुढचा एक तास घरातली सगळी माणसं गवतात वाकून होती. स्प्रिंग आईला सापडली. या सगळ्या खटाटोपात पिकअप मला धडधडीत इशारे देत होती. इंडिकेटर लावला की डिझेलचा काटा उड्या मारायचा. वायपर चालू केला की डॅशबोर्डमधला दिवा मिणमिणायचा. यातला एखादा प्रकार पोरांनी परीक्षेत लिहिला असता, तर 'मग परतीचा मार्ग तपासा' असा शेरा मी लाल शाईनं मारला असता. गाडीवर मी शेरा मारला, "जुनी झालीय."

शेवटी मी अंतिम चाचणी केली. तिचं सविस्तर वर्णन करतो, कारण माझ्या हातून जे झालं ते इथं झालं. मी पुढच्या दिव्याचा प्लग काढला. मीटरची लाल वायर प्लगमध्ये घातली, काळी थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. पडद्यावर आकडा आला, बारा पूर्णांक सहा. अगदी निरोगी आकडा.

"बघा दादा," मी मीटर त्यांच्यासमोर धरला. "दिव्यापर्यंत पूर्ण करंट येतोय. गाडीत काहीही दोष नाही."

दादा वाकून त्या आकड्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत ते झालं. पाचोडहून दिवेलागणीला येताना गावाजवळच्या वळणावर दादांची पिकअप रस्ता सोडून खाली उतरली आणि बाभळीला टेकली. दादांना खरचटलंही नाही. बंपर चेपला, रिकामी कॅरेटं रस्ताभर पांगली. मी धावत गेलो तेव्हा ते ओट्यावर चहा पीत बसले होते. म्हणाले, "दिवे बसले एकदम. वळण दिसलंच नाय."

मी पुन्हा मीटर लावला. पुन्हा बारा पूर्णांक सहा. मग मी जे केलं, त्याला त्या वेळी जबाबदारी म्हणत होतो. दादांना शहरात नेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर चांगली आहे, मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, आत्ता काही करायची गरज नाही. यातला 'मोतीबिंदू' एवढा एकच शब्द मी ऐकला. परतताना गाडीत मी दादांना तासभर समजावलं. वय झालं की असं होतं, यात कमीपणा काही नाही, मीटर काही खोटं बोलत नाही. घरी आल्यावर खिळ्याला अडकवलेली पिकअपची किल्ली काढून मी खिशात टाकली.

दादा भांडतील म्हणून मी तयारीत होतो. ते भांडले नाहीत. "बरं," म्हणाले.

माल न्यायला शेजारच्या शेतकऱ्याचा टेम्पो सांगितला. दादा घरी राहू लागले. मी शनिवारी जायचो तेव्हा बारकाईनं बघायचो आणि माझं निदान पक्कं होत जायचं. मोसंबीची निवड करायला ते पूर्वी स्वतः बसत. फळ हातात फिरवून बारीकसा डाग टिपायचे आणि बाजूला टाकायचे. आता निवड मजुरांवर सोडून ते लांब बसायला लागले. संध्याकाळी विहिरीकडं जाणं बंद झालं. पेपर आईकडून वाचून घ्यायला लागले. मी बायकोला म्हणालो, "बघ, वेळेत लक्षात आलं म्हणून बरं. नजर किती उतरलीय." बायको म्हणाली, "महिन्याभरात?" मी तिला मोतीबिंदूबद्दल समजावून सांगितलं. मोतीबिंदूबद्दल मला काहीही माहीत नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. एका रविवारी स्टाफसाठी चार कॅरेट मोसंबी न्यायची होती आणि येताना ठिबकच्या नळ्या आणायच्या होत्या, म्हणून मीच पिकअप काढली. निघायला संध्याकाळ झाली. वाटेतल्या आडूळ गावाच्या पुढं अंधार पडायला लागला तसे मी दिवे लावले. चांगले लागले. समोरून ट्रक आला, मी हॉर्न दाबला, आणि माझ्यासमोरचा रस्ता नाहीसा झाला.

दिवे होते, पण नुसते नावाला, दोन पणत्या पुढं बांधल्यासारखे. ट्रक वाऱ्याचा झोत मारून गेला. मी कसाबसा ब्रेक दाबून कडेला लागलो. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की घराण्यातच डोळ्यांचा दोष दिसतोय. स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला, पण मीटरवर घेतला नाही, इतका मी सुशिक्षित. इंजिन आपलं निवांत धडधडत होतं. डिझेलचं इंजिन एकदा सुरू झालं की त्याला दिव्याबिव्यांशी काही देणंघेणं नसतं.

मग मला दादांचं वाक्य आठवलं. हॉर्न दाबला की अजून बसायलेत. मी थांबलेल्या गाडीत बसून हॉर्न दाबला. दिवे बसले. सोडला, थोडे उठले. पुन्हा दाबला. मी किती वेळा हॉर्न दाबला माहीत नाही, पण बाजूच्या ढाब्यावरचा माणूस बाहेर येऊन "काय पाहिजे?" असं विचारून गेला.

उरलेला रस्ता एका ट्रॅव्हल्सच्या मागं चिकटून, तिच्या उजेडात कापला. सकाळी कॉलेजात रजा टाकली आणि शहराच्या कडेला बीड बायपासवर एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांकडं मीटर नव्हता. एक बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी, एवढंच हत्यार. मी माझा मीटर पुढं केला आणि काय काय तपासलं ते सांगितलं. मी इलेक्ट्रिकलचा प्राध्यापक आहे, हेही सांगितलं. ते सांगायची खरं तर गरज नव्हती.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, तुमारा मीटर सिर्फ सूंघता. करंट खाता नै. मेरा बल्ब खाता. खाए बगैर कैसा मालूम पड़ेगा, माल कम आ रा करके?"

त्यांनी एक जाड वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकाला धरलं, दुसरं गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवलं. "लाइट लगाओ. हारन मारो." मी हॉर्न मारला. दिवे लख्ख. समोरच्या भिंतीवर दिवसाढवळ्या दोन गोल उमटले. चाचांनी वायर काढली, गोल विझत आले. लावली, उजळले.

"जाता है बराबर," चाचा म्हणाले, "वापस नै आता."

माझं फळ्यावरचं वाक्य एका माणसानं बायपासच्या कडेला, तंबाखू चोळता चोळता, मला परत दिलं. प्लग काढून मोजलं तेव्हा करंट वाहतच नव्हता, मग तो कुठं अडतो ते मीटरला कसं कळणार? आणि काळी वायर मी थेट बॅटरीला लावली होती, म्हणजे दिव्यापासून पत्र्यातून बॅटरीकडं येणारा परतीचा रस्ता मी तपासलाच नव्हता. हा प्रश्न मी दर वर्षी पेपरात काढतो.

चाचांनी ती विणलेली पट्टी शोधली, बोल्ट खोलला आणि हसायलाच लागले. "अरे वा. ये किसने रंगाया?"

"पेंटरनं," मी म्हणालो.

"अच्छा पेंटर है. ऊपर बी, नीचे बी. दो हाथ मारा." नखानं रंगाचा पापुद्रा उचलत ते म्हणाले. खरं सांगतो, त्या क्षणीही मला कामाच्या सफाईचं जरा बरं वाटलं. मग त्यांनी पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, पट्टीचं टोक घासलं, बोल्ट आवळला, वर ग्रीस चोपडलं. चहा येऊन पिऊन होईपर्यंत सगळं संपलं. निघताना मला राहवेना. मी म्हणालो, "चाचा, पेंटर मीच."

"मालूम था," ते म्हणाले. "पेंटर लोग इतना मेहनत नै करते."

ठिबकच्या नळ्या पिकअपमध्ये टाकून मी सरळ गावाकडं निघालो. वाटेत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. एक वाक्य असं होतं, की वायर लूज होती, जोडून घेतली. त्यात मी कुठंच नव्हतो. ते वाक्य मला फार आवडलं. आडूळपर्यंत मी तेच म्हणणार होतो.

दादा ओट्यावर बसले होते. खाली अंगणात मजूर मोसंबी निवडत होते. मी किल्ली त्यांच्यासमोर धरली आणि म्हणालो, "दादा, गाडीत दोष होता. अर्थिंगचा. तुमचे डोळे चांगले आहेत."

दादांनी किल्ली घेतली नाही. "कशानं झाला?"

"तिथं रंग लागला होता. रंगामुळं करंट अडत होता."

"पोळ्याचा?"

"हो. मीच दिला होता."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "तवा तू त्या यंत्रावर आकडा दाखिवला ना, तवाच म्हणलं, संपलं आपलं. यंत्र कामून खोटं बोलंल. आन तू तरी कामून बोलशील." थोडं थांबून ते अंगणाकडं बघत म्हणाले, "मला फळावरचे डाग दिसायचे रं. पण वाटायचं, दिसायलेत ते खरे हायेत का नाय. म्हणून उठलो तिथून."

महिनाभर मी ज्याला मोतीबिंदू समजत होतो, तो मी होतो. त्यांची नजर जिथल्या तिथं होती. तिच्यावरचा भरवसा मी काढून घेतला होता, तोही हातात मीटर धरून, प्रेमानं. "चुकलो दादा," मी म्हणालो. आयुष्यात त्यांना हे मी बहुधा पहिल्यांदा म्हणालो असेन. त्यांनी मान हलवली. किल्ली मी त्यांच्या शेजारी ओट्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कॅरेटं भरली गेली. दादा पिकअपजवळ आले, दार उघडलं आणि उभेच राहिले. "तू बी चल संगं," म्हणाले. मी शेजारी बसलो. दिवे लख्ख होते. अजून चांगला अंधार होता, थोडं धुकंही. दादा अगदी हळू चालवत होते, पूर्वी कधी चालवली नसेल इतकी हळू.

"ते पुढं कुत्रं हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो, कुत्रं."

जरा पुढं गेल्यावर, "त्यो दगडच ना, कडंचा?"

"दगडच." दोन्ही वेळा त्यांनी माझ्याआधी बरोबर ओळखलं होतं. तरी माझ्या उत्तराशिवाय त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर पडत नव्हता. मी असाच शेजारी बसून हो-हो करत राहिलो, तर हा माणूस पुन्हा कधी एकटा गाडी चालवणार नाही, हे मला तिथं कळलं.

वळणानंतर पुढं काहीतरी काळं, मोठं हलत होतं. दादांनी गाडी आणखी हळू केली. "ते काय हाय रं? ट्रॅक्टर?"

ट्रॅक्टर मला स्वच्छ दिसत होता. मी चष्मा काढला, शर्टानं पुसायला लागलो आणि म्हणालो, "मला नाही दिसत दादा. धुक्यात काही कळत नाही."

दादांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग समोर पाहिलं.

"मास्तर झाला आन डोळे फोडून घेतले," ते म्हणाले. "ट्रॅक्टर हाय. मागं ट्रॉली हाय, उसाची. तिला लाल दिवा बी नाय लावला हरामखोरानं. नीट बस."

आणि त्यांनी हॉर्न दाबला, दाबूनच धरला, आणि पिकअप ट्रॉलीच्या बाजूनं पुढं काढली.